दाणा टपोरा, मग उगवण का नाही? बियाण्याच्या आतली भेग दाखवणारे फेज-कॉन्ट्रास्ट क्ष-किरण चित्रण

सोयाबीनची काढणी तोंडावर आली की नांदेड-लातूरकडच्या घरोघरी एक निर्णय होतो. पुढच्या खरिपाचे बियाणे घरचे ठेवायचे की जूनमध्ये विकत घ्यायचे? घरचे ठेवणारा शेतकरी पोत्यातून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो आणि रंग, आकार, काळा डोळा बघून ठरवतो. दाणा पिवळाधमक, टपोरा, स्वच्छ असतो. तरीही जूनमध्ये तासात निम्मीच रोपे दिसतात आणि दुबार पेरणीची वेळ येते.

२०२० चा खरीप तुम्ही विसरला नसाल. सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा मराठवाड्यात ढीग लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन काढणीला पाऊस लागून राहिला होता आणि बियाण्याचे पीक शेतातच भिजले होते. तेव्हापासून कृषी विभागाने घरच्या घरी उगवण तपासण्याची मोहीम गावोगावी नेली.

पण दाण्याच्या आत नेमके काय बिघडते, जे तळहातावर दिसत नाही? हे बघण्याची एक पद्धत शास्त्रज्ञांकडे आहे. तिचे नाव फेज-कॉन्ट्रास्ट क्ष-किरण चित्रण. नाव अवघड आहे, पण कल्पना तुमच्या हौदात रोज दिसते. ती समजली की मळणीयंत्राचा वेग, पोते उतरवण्याची रीत आणि उगवण चाचणी या तिन्ही गोष्टींचा अर्थ नीट लागतो. म्हणून हा लेख.

सोयाबीनचा दाणा इतका नाजूक का?

एक दाणा पाण्यात भिजवून सोलून बघा. वरचे साल कागदासारखे पातळ असते. आत दोन डाळी, म्हणजे बीजपत्रे. या डाळींच्या कडेला, डोळ्याजवळ, बारीक शेपटीसारखा कोंब चिकटलेला असतो. हाच मूळांकुर, उद्याचे मूळ. सोयाबीनमध्ये तो जवळजवळ सालीच्या खालीच असतो, त्याला दुसरे संरक्षण नाही. मळणीयंत्राच्या ड्रमचा दणका बसला किंवा पोते उंचावरून फरशीवर आदळले की पहिला मार याच जागेला लागतो.

साल तडकली की दुसरे नुकसान पेरणीनंतर होते. चांगल्या दाण्यात पाणी सालीतून हळूहळू मुरते. तडकलेल्या दाण्यात ते एकदम आत घुसते, आतल्या पेशींची आवरणे फाटतात, साखर आणि इतर अन्नद्रव्ये बाहेर झिरपतात आणि त्यावर मातीतली बुरशी तुटून पडते. तुम्ही उकरून बघता तेव्हा दाणा कुजलेला सापडतो. दोष बुरशीला दिला जातो, पण तिला दार मळणीच्या दिवशीच उघडून दिलेले असते.

काढणीच्या वेळी शेंगा भिजणे, वाळणे, पुन्हा भिजणे असे झाले तरी हाच प्रकार घडतो. साल फुगते, आकसते, सुरकुतते आणि डाळीपासून सुटते. साल आणि डाळ यांच्यामध्ये हवेची बारीक पोकळी राहते. वाळल्यावर दाणा पुन्हा बऱ्यापैकी गुळगुळीत दिसतो, त्यामुळे नुसत्या नजरेला हे कळत नाही.

साधा एक्स-रे इथे का कमी पडतो?

जर्मनीतल्या राँटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल त्यांना मिळाले. तेव्हापासून दवाखान्यातला एक्स-रे एकाच तत्त्वावर चालतो, ते म्हणजे सावली. हाडात कॅल्शियम असते, ते किरण अडवते आणि हाडाची सावली पडते. मांस किरणांना फारसे अडवत नाही, म्हणून ते फिकट दिसते.

बियाण्यावरही हे चालते. चीडसारख्या झाडांच्या बिया भरलेल्या आहेत की पोकळ, हे एक्स-रेने पाहण्याचे काम स्वीडनमध्ये १९५० च्या दशकातच झाले. आज आंतरराष्ट्रीय बीज परीक्षणाच्या नियमांत क्ष-किरण चाचणीला स्वतःची जागा आहे. भरलेला दाणा, पोकळ दाणा, किडका दाणा आणि फुटका दाणा त्यात वेगळे काढता येतात. यासाठी कमी ताकदीचे, म्हणजे ‘सॉफ्ट’ क्ष-किरण वापरतात.

अडचण बारीक भेगेची आहे. साल, डाळ आणि कोंब तिन्ही मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचेच बनलेले असतात. ही सगळी हलकी मूलद्रव्ये. ती किरण जवळपास सारखेच अडवतात, म्हणून सावलीत फरक पडत नाही. केसाएवढी भेग सगळ्या करड्या रंगात हरवून जाते.

आता हौदाकडे या

दुपारच्या उन्हात स्वच्छ पाण्याच्या हौदात हात घालून पाणी हलवा आणि तळाकडे बघा. तळावर चमकत्या रेघांचे जाळे नाचताना दिसेल. पाणी तर काचेसारखे स्वच्छ आहे, त्याने ऊन अडवलेले नाही. मग रेघा आल्या कुठून? पाण्याच्या प्रत्येक लाटेने उन्हाला किंचित वळवले. काही ठिकाणी ऊन गोळा झाले, तिथे चमकती रेघ पडली. काही ठिकाणचे निघून गेले, तिथे गडद पट्टा उमटला.

फेज-कॉन्ट्रास्ट चित्रण हेच करते. क्ष-किरण हीही प्रकाशासारखी लाटच आहे. ती दाण्यातून जाताना किती अडली हे बघण्याऐवजी किती वळली हे बघायचे. बैलजोडीत एका बैलाचे पाऊल जरा मागेपुढे झाले की औत तिरके जाते, तसेच इथे होते. लाटेचा एक भाग डाळीतून गेला आणि शेजारचा भाग भेगेतल्या हवेतून गेला, की दोघांची पावले जुळत नाहीत आणि लाट किंचित वळते. लाटेच्या या पावलालाच इंग्रजीत ‘फेज’ म्हणतात, आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘कला’.

हे वळणे फारच बारीक असते. हवा आणि डाळ यांच्यातला क्ष-किरणांसाठीचा फरक दहा लाखांत एखाद्या भागाइतका. पण हलक्या पदार्थांत अडण्याचा परिणाम याहूनही शेकडो ते हजार पटींनी कमी असतो. म्हणून सावलीत न दिसलेली भेग वळण्यात ठळक दिसते.

हौदाचा प्रयोग आणखी दोन गोष्टी सांगतो. पाणी अगदी उथळ असेल तर रेघा नीट पडत नाहीत, तळ थोडा खोल लागतो. त्याचप्रमाणे चित्र घेणारा पडदा दाण्याला चिकटवून ठेवला तर साधी सावलीच मिळते. तो काही सेंटीमीटर ते मीटरभर मागे नेला की कडांवर उजळ-गडद रेघ उमटते. आणि ढगाळ दिवशी हौदात रेघा दिसतच नाहीत, कारण उजेड चहूकडून येतो. ऊन एकाच बाजूने यायला हवे. क्ष-किरणांचेही तसेच. ते एखाद्या ठिपक्यातून किंवा खूप लांबून, सरळ रांगेत यावे लागतात. दवाखान्यातल्या यंत्राचा उगम त्या मानाने मोठा असतो, म्हणून तालुक्याच्या एक्स-रे सेंटरवर दाणे नेऊन भेग दिसणार नाही.

हे तंत्र कसे आले, आणि आपल्याजवळ कुठे आहे?

साध्या उजेडासाठी ही युक्ती डच शास्त्रज्ञ झेर्निके यांनी १९३० च्या दशकात शोधली. जिवंत पेशी न रंगवता सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्या आणि त्यांना १९५३ चे नोबेल मिळाले. क्ष-किरणांसाठी ती आणायला वेळ लागला. १९६५ मध्ये सिलिकॉनच्या अखंड स्फटिकातून एक उपकरण कोरले गेले, पण ते फार नाजूक होते. हौदासारखी सोपी पद्धत, म्हणजे फक्त पडदा मागे नेण्याची, १९९० च्या दशकाच्या मध्यात फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या कामातून पुढे आली. ऑस्ट्रेलियाच्या गटाने तर ती प्रयोगशाळेतल्या लहान ठिपक्याच्या नळीवर करून दाखवली. २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी अतिबारीक जाळ्या लावून साध्या नळीवरही हे चित्रण शक्य केले.

भारतात यासाठी सर्वांत मोठे साधन इंदूरला आहे. अणुऊर्जा विभागाच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ नावाचे वर्तुळाकार यंत्र आहे, परीघ सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ फिरतात आणि वळताना अतिशय तेजस्वी किरण सोडतात. या वर्तुळातून किरण बाहेर काढणाऱ्या वेगवेगळ्या वाहिन्या आहेत, त्यांतली एक खास क्ष-किरण चित्रणासाठी आहे आणि तिथे फेज-कॉन्ट्रास्ट पद्धतीने काम होते. इंदूर हे नाव तुम्हाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही १९८७ पासून त्याच शहरात आहे. बियाणे जाणणारे आणि किरण जाणणारे एकाच गावात असावेत हा योग चांगला आहे. मराठवाड्याच्या वाणांच्या दृष्टीने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा फायदा घ्यावा, असे आम्हाला वाटते.

शेतीच्या दृष्टीने काय काय दिसते?

दाण्यातली भेग, सुटलेली साल आणि कोंबाची जागा याबद्दल वर आलेच. दाणा थोडा थोडा फिरवून शेकडो चित्रे घेतली आणि संगणकाने जोडली की न कापता दाण्याचा आडवा-उभा काप पडद्यावर मिळतो.

दुसरा उपयोग लातूरच्या तूर आणि डाळ व्यापाराशी थेट जोडलेला आहे, तो म्हणजे कडधान्यातला भुंगेरा. मादी दाण्यावर पांढरट अंडे चिकटवते. अळी बाहेर येते ती थेट दाण्यात शिरते आणि आतच खात राहते. उबदार हवेत साधारण महिनाभरात भुंगेरा तयार होऊन गोल भोक पाडून निघतो. म्हणजे तुम्हाला भोक दिसते तेव्हा तो खाऊन निघून गेलेला असतो. पोते बाहेरून निरोगी, आत अळ्या, हा आठवडा-दोन आठवड्यांचा काळ सर्वांत फसवा. क्ष-किरण चित्रात आतली पोखरलेली जागा आणि अळी स्पष्ट दिसते, कारण तिच्याभोवती हवा असते आणि हवेच्या कडेलाच हे तंत्र सर्वांत तेज चालते.

कीटकांच्या अंगातही हवेच्या नळ्या असतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत जिवंत भुंग्यांचे फेज-कॉन्ट्रास्ट चित्रण झाले, तेव्हा या नळ्या तालात आकसताना आणि फुगताना दिसल्या. आपल्या छातीच्या भात्यासारखेच. कीटक श्वासासाठी नुसते हवा आपोआप शिरण्यावर अवलंबून असतात ही समजूत त्यामुळे बदलली. तुमच्या कामाची गोष्ट अशी की दाण्यातल्या अळीलाही हवा लागतेच. हवाबंद पिशवीत तूर किंवा हरभरा भरून तोंड घट्ट बांधले की आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड औषधाविना थांबते. अट इतकीच, दाणा नीट वाळलेला हवा आणि पिशवी मधूनमधून उघडायची नाही.

तिसरा उपयोग दुष्काळाचा. झाडाच्या खोडात पाणी बारीक नळ्यांतून वर चढते. जमीन कोरडी पडली की पाण्याची ही धार ताणली जाते, शेवटी तुटते आणि नळीत हवेचा बुडबुडा अडकतो. नळी बंद पडते. पूर्वी हे बघायला खोड कापावे लागे आणि कापतानाच हवा शिरे, त्यामुळे खरे काय ते कळत नसे. आता जिवंत द्राक्षवेलीच्या खोडात नळ्या रिकाम्या होताना आणि पुन्हा भरतानाही अशा तेजस्वी किरणांनी पाहता आल्या आहेत. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला हे संशोधन परके वाटायला नको. कोणता वाण किती ताणापर्यंत नळ्या टिकवतो, हे त्यातून कळू शकते.

किरण बियाण्याला बाधतात का?

हा प्रश्न कृषी सहायकांना गावात नक्की विचारला जाईल. एक साधे चित्र घेण्यापुरती मात्रा फार कमी असते. मात्र इंडससारख्या यंत्रावर शेकडो चित्रे घेताना दाण्याला बरीच मात्रा लागू शकते. असा दाणा अभ्यासाचा, पेरणीचा नाही.

चित्रणाची गल्लत किरण-प्रक्रियेशी करू नका. लासलगावला कांदा कोंब फुटू नये म्हणून गॅमा किरणांखालून जातो, ते वेगळे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘टीजी’ मालिकेतल्या भुईमुगाची सुरुवात क्ष-किरणांचा मुद्दाम मोठा मारा करून मिळालेल्या बदलांतून झाली, तेही वेगळे. तिथे किरणांनी बदल घडवायचा असतो. चित्रणात फक्त बघायचे असते.

चित्रात न दिसणारी गोष्ट

क्ष-किरण भेग दाखवतो, पोकळी दाखवतो, अळी दाखवतो. दाणा जिवंत आहे की नाही, हे तो सांगत नाही. कोंदट खोलीत दमट राहून मेलेला दाणा चित्रात अखंड, सुंदर दिसू शकतो. ओलसर दाणा मळताना बसलेला मुका मारही चित्रात सहज सापडत नाही. त्यामुळे उद्या हे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी आले तरी गोणपाटाची चाचणी रद्द होणार नाही.

ती अशी करा. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून दाणे काढून एकत्र मिसळा आणि न निवडता १०० दाणे मोजा. निवडून घेतलेत तर चाचणी खोटी ठरते. हे जवळजवळ सगळेच करतात, म्हणून मुद्दाम सांगितले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरे ओले गोणपाट ठेवा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी सरळ, निरोगी मूळ आणि कोंब असलेलीच रोपे मोजा. ७० किंवा जास्त आली तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६५ आली तर साधारण ३२ किलो आणि ६० आली तर ३५ किलो घ्यावे. त्याखाली असेल तर ते बियाणे म्हणून ठेवू नका, धान्य म्हणून विका.

भेगेसाठी याहून झटपट चाचणी आहे आणि तिला पाच-सात मिनिटे लागतात. १०० दाणे पाण्यात टाका. ज्यांच्या सालीवर सुरकुत्या येतात ते चांगले. जे सुरकुती न येता लगेच फुगतात ते तडकलेले. उलटे वाटते ना? साल अखंड असेल तर आधी साल पाणी पिते, सैल होते आणि सुरकुतते, डाळ अजून कोरडीच असते. साल फाटलेली असेल तर पाणी थेट डाळीत जाते. इंदूरच्या यंत्रात जी भेग रेघ म्हणून दिसते, तीच इथे फुगलेला दाणा म्हणून दिसते. फक्त तिची जागा आणि खोली इथे कळत नाही.

ही चाचणी मेमध्ये नव्हे, मळणीच्या दिवशी खळ्यावर करा. बियाण्याचा प्लॉट मळताना पहिले पोते भरले की यंत्र थांबवा आणि बादलीत १०० दाणे टाका. फुगणारे जास्त निघाले तर वेग कमी करायला सांगा. दाण्यात ओलावा १३ टक्क्यांपर्यंत असेल तर ड्रमचा वेग मिनिटाला ३०० ते ४०० फेरे ठेवावा. १४ ते १७ टक्के असेल तर ४०० ते ५०० चालतो. फार कोरडा दाणा काचेसारखा तडकतो, म्हणून उन्हात कडक करून मळू नका. ड्रम मोठा असेल तर त्याच फेऱ्यांना दणका जास्त बसतो, हेही मळणीवाल्याशी बोला. तो कुरकुर करेल, कारण त्याचा हिशेब तासावर किंवा पोत्यावर असतो. मात्र पाच एकरांचे बियाणे म्हणजे दीड क्विंटल. तेवढ्यासाठी वेग कमी करून गेलेला वेळ त्याला वेगळा मोजून द्या. एक-दोन एकरांपुरते लागत असेल तर काठीने हलके बडवून काढलेले बियाणे अजूनही सर्वांत चांगले निघते.

मळणीनंतर ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. पोती सात फुटांपेक्षा उंच रचू नका, भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा. उतरवताना पोते फेकू नका. गाडीतून फरशीवर आपटलेले एक पोते मळणीत घेतलेली सगळी काळजी वाया घालवते.

विकतचे बियाणे घेणाऱ्यांनी पिशवी खालच्या बाजूने उघडावी, म्हणजे वरचे लेबल आणि टॅग शाबूत राहतात. पावती आणि मूठभर बियाणे पिशवीसह जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करताना हेच लागते. पेरणीआधी खात्री हवी असेल तर नमुना परभणीच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत पाठवता येतो. मेमधल्या गर्दीत थांबावे लागते, म्हणून मार्चमध्येच पाठवा.